हरळीले पाणी

...अन् मले म्हणते, पाइप जरा धर! हरळीले पाणी द्याले! नाई, तुमीच सांगा, हिवरखेडात वावर असलेल्या कोन्या शान्या माणसानं आजवर हरळीले पाणी देल्लं हाय? आमच्या बुढ्याचा, म्हणजे नत्थुजीचा, सारा जनम गेला हरळी खंदण्यात. कपाशीत एक काडी दिसली तं जेवण टाकून उठे हा माणूस. अन् आता भर मे महिन्यात, विहिरीनं तळ गाठला असताना, त्याच हरळीले न्हाऊ घालून राह्यला... शेजारचे देवमन भाऊजी रोज कुंपणाशी येऊन पायतात अन् मुंडी हलवतात. म्या काय सांगाव त्याइले?

झालं काय, आमचा अमोल राहते पुण्याले. दोन वर्सं झाले, घराले त्याचा पाय लागला नाई. सुट्टी नाई, तिकीट नाई, तिकडं ऊन लय हाय... ऊन काय यंदाच निंगालं का अकोला जिल्ह्यात? तं त्याच्या आकांक्षाचा, आमच्या नातीचा, पाचवा वाढदिवस. तिनं फोनवर इचारलं, "आबा, तुमच्याकडे जंपिंग असतं का?" जंपिंग म्हणजे तो हवा भरलेला रबराचा किल्ला, जत्रेत नाई का राहत, लेकरं आत उड्या मारतात. बुढा म्हणे, "हाय तं." कुठी हाय? पण तेल्हाऱ्याच्या धर्मेंद्रले गाठून भाड्यानं ठरवला ना त्याच दिवशी! अमोलही येतो म्हणाला. माही तं तव्यावरची पोळी करपली आनंदानं.

दुसऱ्या दिवशी अमोलचा फोन. "बाबा, पण खाली काय हाय?"

खाली काय हाय म्हणजे? खाली जमीन राहते ना बाप्पा, आणखी काय राहीन! म्हणे तसं नाई, किल्ला कायच्यावर लावता? बुढा म्हणे आंगणात. आंगणात फरशी, लेकरू बाहेर पडलं तं डोकं फुटन. मंग सिमेंटचा रस्ता? तठी खुट्या कशा ठोकान, वारा सुटला तं किल्ला लेकरासंगट उडन. शाळेच्या मैदानावर गिट्टी, अन् वरून उतार. बरं, वावरात लावू म्हटलं. तं तुमाले सांगते, उन्हाळ्यात आपलं काळं वावर कसं भेगाळते, ठावं हाय ना? धर्मेंद्रनं येऊन खुटी ठोकली तं खुटी भेगीत जे गेली ते गेलीच, अजून सापडली नाई. अन् रोज संध्याकाळी फोन, बाबा, खाली काय हाय? शेवटी धर्मेंद्रच म्हणे, काका, सपाट जागा अन् दाट हरळी पाहा, खुटी धरते अन् पडलं तरी लागत नाई.

विहिरीजवळच्या पडीत तुकड्यात हरळी होती. झालं, बुढ्याचा तिच्यावर जीव बसला. गोटे येचले, सराटे एकेक करून हातानं उपटले, अनवाणी चालून पाह्यलं. एक दिवस मी चहा घेऊन गेली, तं हा सत्तरीतला माणूस धोतर सावरून उड्या मारून राह्यला, अन् मंग मुद्दाम पडून राह्यला! म्हणे, "लागत नाई वं जमुने, अजिबात लागत नाई." डोळे असे चमकत होते त्याचे... मले हसूही आलं अन् रडूही आलं.

अन् वाढदिवसाच्या तोंडावर फोन आला. अमोलनं लय लांबण लावलं. पोरीच्या मैत्रिणी, तिथंच मॉलमध्ये मोठ्ठं जंपिंग, बुकिंग होऊन गेलं, पुढच्या सुट्टीत नक्की... मले वाटलं आता बुढा भडकते. पण त्यानं घसा साफ केला अन् इतकंच इचारलं, "खाली काय हाय?"

"गादी हाय बाबा. जाड हाय."

"मंग बरं हाय," म्हणे. फोन ठेवला, अन् पाइप घेऊन चालला हरळीत.

आता पाऊस येईन, हरळी कपाशीत घुसन. म्या खुरपं घेतलं तं हातातून काढून घेते. म्हणे दिवाळीले येतीन ते, आल्याबरोबर इचारतीन. या हरळीले कोनी बोलावत नाई तरी येते, उपटली तरी जात नाई, अन् ज्याइले बोलावून बोलावून घसा बसला, ते... जाऊ द्या. काल बुढा तेल्हाऱ्याले गेला होता, धर्मेंद्रले दिवाळीचं सांगून ठेवाले. देवमन भाऊजी कुंपणाशी आले, पाह्यलं, अन् मुंडी हलवून चालले गेले. कावून म्हणता? पाइप धरून मी उभी होती ना.