मोठ्या दारानं आत

डर्बीशरमधली जुनी हवेली बघायला आम्ही रांगेत उभे होतो. माझ्यापुढं दोघी वयस्कर बहिणी होत्या.

“म्युरिअल, या मोठ्या दारानं जायचं? आई तर मागच्या दारानं यायची.”

“आई इथं मोलकरीण होती, एनिड. आपण तिकीट काढलंय. चल.”

आत शिरताच एनिडची नजर खाली गेली.

“हीच ती काळी-पांढरी फरशी. गुडघ्यांवर बसून पुसायची बिचारी.”

“फरशी राहू दे. वर बघ.”

“अगं बाई… छतावर सगळं आभाळच रंगवलंय की. ढग, घोडे, देवदूत. आई याबद्दल कधी बोलली नाही गं.”

“नोकरांनी मान वर करायची नाही, असा दंडक होता इथं.”

“इतकी वर्षं?”

“हो. चल आता, बाहेर हरणं बघायचीत ना?”

“हरणं थांबतील. आईच्या वाटचंही बघून घेते.”