पुनवेच्या रात्री खाडीवर

गोडदेवच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. त्यांच्या पलीकडे, पायाशी रिकामी पाटी ठेवून, उत्तनची एक म्हातारी मासळीवाली.

"उर्मिला, कोणाला खरं वाटणार नाही, पण काल मी चालण्यात कोल्ह्याला हरवलं!"

"अहो, कोल्ह्याचं राहू द्या. साखर तीनशेवर गेलीय. रोज चालता का, हेच डॉक्टर विचारणार. चालत असूनही वाढली असेल, तर आजपासून इंजेक्शन."

"चालतोय ना! काल पुनव. रात्री बाराला खाडीकाठच्या पायवाटेनं निघालो. थंडीनं दात वाजतायत, आणि मागं कोल्हा. मी थांबलो की तोही थांबतो."

"एकटेच? चिखलात घसरला असतात म्हणजे?"

"चिखल कुठला? वाट ठणठणीत कोरडी. पुलापासून मिठागरापर्यंत धूळ उडवत गेलो."

"मागच्या वेळीही असंच 'चालतोय' म्हणालात, आणि पायाचं बोट कापावं लागलं. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

"घेतली."

"अशी नाही. हात ठेवून."

"हा ठेवला. तुझ्या गळ्याची शपथ, चाललो."

"ताई, मधी बोलते, रागावू नको. पुनवेला रातच्या बाराला भरती असते. ती वाट कमरभर पान्याखाली व्हती. माझा पोरगा एल्टन तिच्यावरूनच होडी घेऊन आला. तिथं कोल्हा बी न्हाय व्हता, आन तुझा घरवाला बी न्हाय."