बापाची सही

—नाही, वाऱ्याने नाही पडली. वारा आहे कुठे? जूनच्या तीस तारखेला, दुपारी दोन वाजता, ओक्लाहोमात पान तरी हलतं का? शिडी मीच काढली. काढली, आडवी केली, आणि आता तिच्यावरच बसलोय. ही बघा, दिसते? ओरडू नका, मला ऐकू येतंय. दुसरं कुणी ऐकणारही नाही — घरमालक टल्साला गेलाय, परवा येणार, तुम्हीच सांगितलंत सकाळी. आणि राऊलला, बाकीच्या गड्यांना उन्हाचा कहर म्हणून साडेबाराला तुम्हीच सोडलंत. धुराड्याभोवतीचा पत्रा तेवढा राहिलाय, तो आपण दोघं बसवू, म्हणालात. बसवला ना? झालं मग. आता तुम्हीही बसा.

उडी? मारा की. दोन मजले आहेत, खाली काँक्रीट आहे. बसा, बॉस, छपरावर धुराड्याची सावली पडलीय त्या बाजूला बसा. पाणी आहे तुमच्याजवळ, मी बघितलं.

फोन माझ्याकडे आहे. वर तापतो म्हणून गाडीत ठेवता ना तुम्ही — हा बघा तुमचा. आणि हा दुसरा, जांभळ्या कव्हरचा, काच तडकलेली. ओळखा कुणाचा. नाही? खरंच नाही? टेसाचा. तुमच्या मुलीचा फोन आहे हा, बॉस. पोलिसांनी पिशवीत घालून आजीच्या हातात दिला. आजी रोज चार्ज करते तो. का करते म्हणून विचारलं तर म्हणते, बंद पडलेला बरा दिसत नाही.

हो, बॉसच म्हणणार. कामावर बॉस म्हणायचं, हे तुमचंच. मी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर बाबा म्हणालो तर खिळ्यांची पेटी आणायला पाठवलंत मला, आणि मग गाडीमागे घेऊन सांगितलंत — इथे बॉस. मला काही वाटलं नाही. मला वाटलं, बरोबर आहे, कामाची जागा आहे.

काय पाहिजे? पैसे? पैसे नकोत मला तुमचे. सही पाहिजे. तीच, दीड वर्षापूर्वी मागितलेली. हसू नका. मी इथून बघतोय, हसू नका! वेडबीड लागलेलं नाही मला. ऐका, तिच्या फोनवर दर महिन्याला पत्र येतं. प्रिय टेसा, तुमचा मदतीचा अर्ज अपूर्ण आहे, पालकांची संमती बाकी आहे. प्रिय टेसा! एप्रिलमध्ये पुरली तिला, मेमध्ये आलं पत्र, जूनमध्ये पुन्हा आलं. मला वाचायला वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे, मी एकेक अक्षर लावत वाचतो — पण हे पत्र मला पाठ झालंय आता. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय, या वर्षाचा अर्ज तीस जूनला बंद होणार. म्हणजे आज. आज झाला नाही तर मग कधीच नाही, तिचं नाव तसंच अर्धवट राहणार तिकडे. ते मला नकोय. बस. बाकी काही नाही.

मिळणार काहीच नाही, माहीत आहे मला! मेलेल्या पोरीला सरकार कशाला पैसे देईल? मी शाळा सोडली म्हणून इतकाही मूर्ख नाही.

तुम्ही तेव्हाही हेच केलंत. खांदे उडवलेत. तुम्हाला सांगतो काय झालं ते, तुम्ही होतात कुठे बघायला? मागच्या वर्षी जानेवारीत तिने आजीच्या स्वयंपाकघरात बसून कॉलेजच्या फीसाठी सरकारी मदतीचा अर्ज भरला. पालक म्हणून आजीचं नाव लिहिलं. का नाही लिहिणार? आई वारली तेव्हा ती नऊची, मी सातचा. तुम्ही आम्हाला आजीकडे सोडलंत ते दोन आठवड्यांसाठी — तुमचेच शब्द, दोन आठवडे. मग डबा कुणी दिला, तापात कुणी उठून बघितलं? आजीनेच ना? पण कॉलेजातून उलट उत्तर आलं की आजी चालत नाही, कोर्टाचा कागद नाही तिच्याकडे. वडील जिवंत आहेत, नऊ मैलांवर राहतात, त्यांचं नाव घाला. टेसा हसली. मला म्हणाली, "टकर, ऐक, सरकारच्या लेखी आपल्याला बाप आहे." खूप हसली ती. मग गाडीची किल्ली घेऊन तुमच्याकडे आली.

घरात घेतलं नाहीत तुम्ही, तुमची बायको होती म्हणून. तुमच्या ट्रकमध्ये बसून तिने सगळं भरलं — तुमचं नाव, जन्मतारीख, सगळं. सरकारच्या साइटवर तुमचं खातंही तिनेच उघडून दिलं. शेवटी फक्त एक बोट टेकवायचं होतं, मी संमती देतो म्हणून. आणि तुम्ही काय विचारलंत? रोखीची कामं कळतील का त्यांना? ती नाही म्हणाली. तुम्ही जे सरकारला दाखवता तेवढंच ते बघतात, जास्त नाही. तुम्ही म्हणालात, बघतो. फोन खिशात घातलात आणि उतरलात. बघतो! मग तिने किती वेळा विचारलं, बॉस, मोजलं होतंत का? आज गारपीट झाली, सगळी छपरं फुटलीयेत, वेळ नाही. आज बायकोचा वाढदिवस आहे. आज डोकं दुखतंय.

आणि गंमत सांगू? तुम्ही सरकारला कमाई दाखवता किती — चौदा हजार डॉलर! वर्षाला चौदा! राऊलसुद्धा तुमच्यापेक्षा जास्त दाखवतो. टेसाने मला समजावलं होतं, बाप जितका गरीब तितकी मदत जास्त. म्हणजे तुमचं खोटं तिच्या कामी आलं असतं. आयुष्यात एकदा तुमच्या लबाडीचा कुणाला उपयोग झाला असता, आणि नेमके तेव्हाच तुम्ही घाबरलात.

काय? दुसरा रस्ता? होता ना. तो पण केला तिने. कॉलेजात एक बाई होत्या मदतीच्या खिडकीवर, चांगल्या होत्या, त्या म्हणाल्या की बापाने टाकलेलं असेल, काही संपर्कच नसेल, तर बापाशिवाय अर्ज घेता येतो. दोन बाहेरच्या माणसांची पत्रं आणा. पाद्रीबाबांनी दिलं. शाळेच्या वाचनालयातल्या मिसेस हॉलकमनी दिलं, दोन पानं, त्यात लिहिलं होतं की या मुलीला न्यायला नऊ वर्षांत तिचे वडील एकदाही शाळेच्या दारात आलेले मी बघितले नाहीत. आजी ते वाचून रडली. आणि मग नामंजूर झालं. कारण वडील संपर्कात आहेत असं त्यांना कळलं.

कसं कळलं म्हणजे? कळलं. खातरजमा करतात ते. फोन केला त्यांनी घरी.

कुणाशी बोलले? ते... आजी दवाखान्यात गेली होती, गुडघ्याचं इंजेक्शन घ्यायला. टेसा शाळेत होती. तुम्हाला काय करायचंय कोण बोललं त्याच्याशी? विषय तुमचा चाललाय, माझा नाही! तुम्ही सही केली असतीत तर फोन आलाच नसता ना? आला असता का? सांगा. वर बसून असे बघू नका माझ्याकडे.

हो. मी उचलला.

हो, मीच. सतरा वर्षांचाही नव्हतो मी. त्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, वडील तुम्हा मुलांना भेटतात का, बोलतात का. आणि आदल्याच शनिवारी — आठवतंय तुम्हाला? नसेलच आठवत. मिलर बाईंच्या गोठ्याचं छप्पर. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही खिळ्यांची बंदूक माझ्या हातात दिलीत. आणि त्या बाई लिंबाचं सरबत घेऊन आल्या तेव्हा तुम्ही माझ्या मानेवर हात ठेवून म्हणालात, हा माझा पोरगा. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मग मी काय सांगणार होतो फोनवर? मी म्हणालो, भेटतात का म्हणजे? आम्ही एकत्र कामाला जातो. दर शनिवारी. मागच्या शनिवारी आम्ही बर्गर खाल्ले, त्यांनीच घेतले. मला शिकवतायत सगळं, धंदा पुढे मीच बघणार. एवढं बोललो मी. विचारलं नव्हतं ते पण सांगितलं. बाई म्हणाल्या, थँक्यू टकर, छान वाटलं ऐकून. मलाही छान वाटलं. मी फोन ठेवला आणि दूध-कॉर्नफ्लेक्स खाल्ले.

टेसाला कधी कळलं नाही. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की पाद्रीबाबांचं पत्र जरा तोकडं झालं. आजीलाही माहीत नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं मी, आणि तुम्हाला तर — तुम्हाला मुळीच सांगायचं नव्हतं.

काय म्हणालात? पुन्हा म्हणा. नाही, मोठ्याने म्हणा. "मग दोष तुझाच की." हं. बरं. म्हणजे नऊ वर्षं तुम्ही गायब, दीड वर्ष तुम्ही बघतो-बघतो, आणि एक दिवस मी माझ्या बापाचं कौतुक केलं तर दोष माझा. ठीक आहे. माझा. माझ्या वाट्याचं मी बघेन, त्यात तुम्ही पडू नका. तुमच्या वाट्याला फक्त एक बोट आहे, ते द्या.

ती कोंबड्या कापायच्या कारखान्यात लागली, ऐकलंत? फी भरायला. रात्रपाळी करून सकाळी तशीच चाळीस मैल कॉलेजला. आंघोळीला वेळ नसायचा, म्हणून मागच्या बाकावर बसायची, वास येऊ नये कुणाला. नर्स व्हायचं होतं तिला. हाताला रबराचे मोजे घालायची सवय आत्ताच झाली, म्हणायची. सकाळी आठ वाजता, सरळ रस्ता, कोरडा रस्ता, समोर कुणी नाही, काही नाही. डोळा लागला. तिथल्या हवालदाराने सांगितलं, ब्रेक लावल्याची खूणच नाही. मयताला तुम्ही आलात, मागच्या बाकावर बसलात आणि चर्चच्या बायकांनी जेवण मांडायच्या आत निघून गेलात. तेव्हाच ठरवलं मी. नाही, तेव्हा नाही ठरवलं. आज सकाळी ठरवलं, तुम्ही गाडीत शिट्टी वाजवत होतात तेव्हा.

झेला. तुमचाच फोन आहे, हातमोज्यात गुंडाळलाय. आपण कधी बेसबॉल खेळलो नाही, आता तरी झेला. दोन्ही हात पुढे — हां! झेलला की. माहीत आहे मला, आता तुम्ही पोलिसांना लावू शकता. लावा. ते शहरातून येईपर्यंत चाळीस मिनिटं जातील आणि तोवर मी इथेच आहे, आणि पावत्यांची ती हिरवी वहीसुद्धा माझ्याजवळ आहे, रोखीच्या कामांची. ती मी त्यांनाच देईन. धमकी? हो, धमकीच आहे. तुम्हाला दुसरी भाषा कळत असती तर टेसाने काय कमी गोड विचारलं होतं?

खातं उघडलेलंच आहे. पानावर तिचं नाव दिसतंय? वाचा. मोठ्याने वाचा. टेसा जून प्रुइट. जून आईचं नाव. आता खाली या. खाली, खाली. चौकट आहे ना, मी संमती देतो. तिथे टेकवा. आता सही, म्हणजे नुसतं नाव टाकायचं. वेंडेल प्रुइट. बोटांना डांबर लागलंय तर पँटला पुसा! आता पाठवा.

झालं?

एवढंच?

एवढंच होतं हे? मी अजून शिडीवरची माशीसुद्धा हाकलली नाही. दोन मिनिटं? एक? तुम्ही सिगारेट पेटवायला जास्त वेळ लावता. माझ्या डोक्यात होतं की काहीतरी — कागद असतील, आकडे असतील, तुम्ही अडाल कुठेतरी, मला म्हणाल कळत नाही रे. म्हणजे मग मला म्हणता आलं असतं की बरं, कठीणच होतं. थांबा. आलं. तिच्या फोनवर आलं. थांबा, वाचू द्या. प्रिय टेसा. अभिनंदन. तुमचा अर्ज... पूर्ण झाला आहे. अंदाजे अनुदान, वर्षाला. सात. सात हजार. तीनशे. पंच्याण्णव.

पूर्ण दिलं त्यांनी. जेवढं देतात तेवढं सगळं. तिची फी याच्यापेक्षा कमी होती, बॉस. पुस्तकं आली असती. पेट्रोलचेही निघाले असते.

काही बोलू नका. तुमच्या तोंडून तिचं नाव नको आता, वाचलंत तेवढं पुरे. रडताय का तुम्ही? घाम असेल. घामच असू दे.

नाही, शिडी नाही लावणार. ट्रकवर चढवतोय, दिसत नाही? गावात ट्रक उभा करून किल्ली टपालपेटीत टाकीन, ट्रक मला नको तुमचा. ही हिरवी वही पायरीवर ठेवतो, ती पण नको. पाणी आहे, सावली सरकेल तसे सरका. फोन आहे तुमच्या हातात. लावा कुणालाही, राऊलला लावा, बायकोला लावा. मला लावू नका.