पुठ्ठ्यातल्या आठ ओळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपणा सर्वांचे बिशप, सय्यदना. व्यासपीठावर विराजमान आपले धर्मगुरू अबूना सरापियून. कैरोहून खास आलेल्या हस्तलिखितांच्या जाणकार डॉक्टर नर्मीन. ग्रंथालय समितीचे सन्माननीय सदस्य. सत्कारमूर्ती, आपले पुस्तकबांधणीचे कारागीर उस्ता सिधोम, त्यांच्या सौभाग्यवती उम्म वदीअ. आणि उपवासाच्या दिवसांत बिनदुधाच्या चहावर इतका वेळ तग धरून बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी हिलमी बुक्तर, या चर्चचा एकतीस वर्षांचा ग्रंथपाल. माझ्या आधी चार वक्त्यांनी उस्तांच्या बांधणीचे इतके कौतुक केले, की संकोचून त्यांनी हात पायघोळ गलाबियाच्या खिशात घातले आहेत. राहू द्या तिथेच. सोमवारपासून त्या हातांचे काम उसवायचेच आहे.

होय, तेही आजच सांगायला हवे. सत्कार शनिवारी आणि कापाकापी सोमवारी, असा आपल्या समितीचा सुटसुटीत कार्यक्रम आहे. उस्तांनी बांधलेली उरलेली बासष्ट पुस्तके, सगळ्यांचे पुठ्ठे चिरायचे. ठरावाचा मसुदा कोणी लिहिला? समितीचा चिटणीस या नात्याने मीच. भाषा चांगली जमली आहे, सगळे म्हणाले.

कारण आपणास ठाऊक आहेच. गेल्या वर्षी दुःखसप्ताहात आपल्या सेवकाच्या हातून वाचनाचे पुस्तक पडले आणि पुठ्ठा फाटला. आत तपकिरी पपायरसचा तळहाताएवढा तुकडा. डॉक्टर नर्मीन आल्या आणि म्हणाल्या, पुस्तक ठेवा तुम्हाला, पुठ्ठा तेवढा द्या. आठ ओळी, ग्रीक भाषेत, सोळाशे वर्षांपूर्वीच्या. प्रभूला पकडून नेले आहे, पेत्र अंगणात निखाऱ्यांपाशी शेकत उभा आहे, त्याला कोणी विचारते, तूही त्यांच्यातलाच ना? आणि तो म्हणतो, मी नव्हे. तुकडा तिथेच तुटतो.

डॉक्टरांच्या अहवालात छापून आले, ‘शोधकर्ते: ग्रंथपाल हिलमी बुक्तर’. मी त्याच्या वीस प्रती मागवल्या.

मग समितीने उस्तांना बोलावून विचारले, हा तुकडा तुमच्याकडे आला कुठून? उस्ता म्हणाले, “नाही बुवा आठवत.” कोणत्या पुस्तकाला कोणता दोरा वापरला, हे ज्याला तीस वर्षांनी आठवते, त्या माणसाला एवढेच आठवेना. समितीने काय ताडले? म्हातारा विसरला, म्हणजे कुठल्याही पुठ्ठ्यात काहीही असेल. चिरा सगळे. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो. उस्तांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही, आणि तेच मला सोसवले नाही.

उस्ता मला खुणेने खाली बसायला सांगत आहेत. नाही बसत. आयुष्यभर तुमचे ऐकले नाही, आज कशाला ऐकू?

सय्यदना, सव्वीस वर्षांपूर्वी, आपल्या आधीचे बिशप भेटीला येणार म्हणून मी कोठीची झाडझूड केली. बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात तो तुकडा निघाला. एकच. मी वाचायला बसलो. अक्षरे सगळी ओळखीची, आपल्या चर्चच्या जुन्या किबती भाषेतल्या पोथ्यांत असतात तीच. मोठ्याने म्हणून पाहिले, अर्थ शून्य. ही ग्रीक भाषा असेल, हे मनातही आले नाही. किबती तरी मला कुठे धड कळते? दर रविवारी पाठ म्हणतो, इतकेच. गाढवाला गुळाची चव काय? मी शेरा मारला, ‘कुणा विद्यार्थ्याचा कित्ता, निरर्थक’, आणि तुकडा टोपलीत टाकला. आपल्याकडे पवित्र कागद रस्त्यावर जात नाही, प्रसादाच्या भाकरीच्या भट्टीत जातो. तेवढा शिष्टाचार मी पाळला.

टोपली भट्टीपर्यंत पोचण्याआधी उस्ता तिच्यात हात घालत. जळायला निघालेली पाने खळीने चिकटवून त्यांचे पुठ्ठे करायचे, ही त्यांच्या वडिलांची रीत. तो तुकडा त्यांनी उचललेला पाहून मी म्हणालो, “उस्ता, टाका तो, त्यात वाचण्यासारखं काही नाही.”

उस्तांना अक्षरओळख नाही, हे आपण सारे जाणतो. ते म्हणाले, “हिलमी अफंदी, मला तर कशातलंच वाचता येत नाही. मग काय सगळंच जाळू?”

मी हसलो होतो. पुढे ही गोष्ट चहाच्या दुकानात विनोद म्हणून सांगायचोही. तुकडा सापडल्यापासून मात्र सांगितलेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

उस्ता विसरलेले नाहीत, सय्यदना. मला वाचवण्यासाठी विसरल्याचे दाखवले. बाकी बासष्ट पुठ्ठ्यांत काय आहे ते मी सांगतो, कारण ती सगळी पुस्तके माझ्याच काळात बांधलेली, आणि ती टोपली एकतीस वर्षे मीच भरली. रविवारच्या शाळेची छापील पाने आणि चर्चची जुनी कॅलेंडरे. हाताने लिहिलेले टोपलीत गेले ते एकदाच. डॉक्टर नर्मीन, तुमची निराशा होते आहे. पण त्या पुठ्ठ्यांत तुम्हाला फक्त सणांच्या तारखा सापडतील.

उम्म वदीअ, डोळे पुसा. उस्तांचा दोरा आता कोणी कापणार नाही, असे मला वाटते. उद्यापासून ग्रंथपाल कोण, हे समितीने ठरवावे.

समितीने मला बोलायची संधी दिली, त्याबद्दल आभार. दिली नसती तर बरे झाले असते, असे काहींना आता वाटत असेल. बोलण्यात चूकभूल झाली असल्यास सभेने पोटात घालावी, असे म्हणून बसायची पद्धत आहे. माझी चूक बोलण्यातली नाही, सव्वीस वर्षे न बोलण्यातली आहे, आणि ती सभेने नव्हे, उस्ता, तुम्ही पोटात घाला. तशी ती तुम्ही केव्हाच घातली आहे, हेही मला कळते.

आणि सय्यदना, सोमवारचा तो ठराव आपल्यासमोर, फुलांखाली, सहीसाठी ठेवला आहे. तो मला परत द्यावा. वर क्रॉस छापलेला आहे, म्हणजे भट्टीचा मान त्याला आहेच. आणि उस्ता, हा मात्र टोपलीतून उचलू नका. यात खरोखरच वाचण्यासारखं काही नाही.