राखाडी पेन्सिल

(दक्षिण कोलंबिया. ज्वालामुखीच्या पायथ्याशी निवृत्त तंत्रज्ञ सेगुंदो यांचं स्वयंपाकघर. समोर भूभौतिकीच्या प्राध्यापिका योलिमा.)

सेगुंदो : म्हणजे मी सही करून कबूल करायचं की चूक माझ्या वह्यांची?

योलिमा : मायेस्त्रो, ते विभागप्रमुखांनी लिहिलंय. मी फक्त घेऊन आलेय.

सेगुंदो : ‘तंत्रज्ञ सेगुंदो होहोआ बोतिना यांच्या सदोष नोंदींमुळे संगणकाने रविवारचे हादरे ओळखले नाहीत.’ वा! एकतीस वर्षं रंगीत पेन्सिलींनी डोंगराचा हादरान्‌हादरा वहीत उतरवला. त्या वह्यांवर तुम्ही संगणकाला शिकवलंत, लेख छापलात. तिथे मी कोण? ‘एक स्थानिक कर्मचारी.’ आणि दोष द्यायची वेळ आली की पूर्ण नाव, आईच्या आडनावासकट!

योलिमा : लेखात माझं चुकलंच. पण वह्या बघा ना! दर रविवारी सकाळी आठ ते दहा, डोंगरावरच्या नोंदणी केंद्राचे सगळे हादरे राखाडी. राखाडी म्हणजे दखल घेऊ नका.

सेगुंदो : कारण तो मी होतो!

योलिमा : तुम्ही?

सेगुंदो : मी आणि माझं खेचर. वरची बॅटरी दर रविवारी कोण बदलायचं? आमच्या पावलांनी सुई नाचायची. ते काय डोंगराच्या नावावर लिहू?

योलिमा : मला कुणी सांगितलं नाही हे.

सेगुंदो : विचारलंत कधी? पूर्वी आमच्याबरोबर चिखल तुडवत यायचात. संगणकाचा नाद लागला आणि डोंगर खिडकीतून बघायला लागलात.

योलिमा : नाद म्हणू नका! बारा वर्षं पाठीवर यंत्रं वाहिली, गुडघे गेले. हाती काय? चार माणसांनी वाचलेले लेख. या कामात पहिल्यांदा वाटलं, आपल्यामुळे गावाला वेळेवर इशारा मिळेल.

सेगुंदो : मिळाला का? सकाळी नऊच्या मिस्साला बसलो होतो, चर्चच्या काचा थरथरल्या. वेधशाळेत फोन केला तर ड्यूटीवरची बाई म्हणते, ‘आजोबा, संगणक काही नाही म्हणतोय.’ दुपारी राख पडली. तोंडाला ओली फडकी लावून लोक पळाले. माझी नात होती त्यांत!

योलिमा : ठाऊक आहे.

सेगुंदो : मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. वर सोलर बसलंय. आता रविवारी तिथे जातं कोण?

योलिमा : कुणीच नाही.

सेगुंदो : मग तुमचा संगणक कुणाची पावलं समजून गप्प बसला?

योलिमा : नोंदींबरोबर वार आणि वेळही मीच त्याला पुरवली होती. रविवारी आठ ते दहा म्हणजे दुर्लक्ष, एवढंच तो शिकला. उत्तरं बरोबर येत होती. का येतात, ते बघितलंच नाही मी.

सेगुंदो : हे या कागदात कुठंय?

योलिमा : नाहीये. पेन द्या जरा.

सेगुंदो : सही करणार नाही, एकदा सांगितलं.

योलिमा : सही नकोय. तुमचं नाव खोडतेय. इथे माझं घालते.

सेगुंदो : काम काढून घेतील तुमच्याकडून.

योलिमा : घेतील.

सेगुंदो : दाखवा बघू. ‘योलिमा इन्सुआस्ती.’ एवढंच? आईचंही आडनाव घाला, दोक्तोरा.