पहिलं जाळं

पेरूतल्या इकितोसला गामिताना माशांच्या बोटुकलीसाठी, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिलांसाठी, रांग लागली होती. नील्दाही रांगेत होती. वडिलांमागे तळं तिच्याकडे आलं होतं, पण गाळ काढायला एकही शेजारी फिरकत नव्हता. का, ते तिला कळत नव्हतं. रांगेत तिच्या पुढे एक म्हातारी आणि तिचा भाचा बोलत होते.

“मावशी, व्यापाऱ्याला सगळेच मासे हवेत.”

“पहिलं जाळं शेजाऱ्यांचं, त्यातले मासे त्यांना वाटायचे. तळं खणायला व्यापारी आला होता का फावडं घेऊन?”

“शेजारी कुठे मागायला येतात?”

“मागणार नाहीत. यायचेच बंद होतील.”

नील्दाने न राहवून विचारलं, “आणि द्यायचं राहून गेलं तर? वडील गेले, त्या गडबडीत मी सगळे विकले.”

“कधी?”

“वर्ष झालं.”

म्हातारी गोंधळली. “असं कुणाचं राहिलेलं मी ऐकलं नाही, पोरी. या खेपेला पहिल्या जाळ्यातले मासे दारोदार नेऊन बघ. घेतले तर घेतले.”