साखरेचा डबा तिसरा

मंगरूळपीरच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांची एकमेकींशी ओळख नुकतीच झालेली. प्रयागबाईंची सून साधना पाणी आणायला गेली होती.

"पाडव्याची झाडझूड झाली का वो, प्रयागबाई?"

"झाली ना. साधनानं एकटीनं केली. सारं घर आंगनात काढलं, भिती रंगवल्या, डबे घासले अन् जसंच्या तसं ठेवलं."

"जसंच्या तसं कायले? माह्या सुनेनं तं सारं बदलून टाकलं. आता खोली कशी मोठी दिसते!"

"आमच्या साधनानं आदी एकेका फळीचा मोबाईलवर फोटो काढला. साखरेचा डबा तिसरा होता, तो तिसराच ठेवला. खाट बोटभरबी सरकली नाई."

"एवढं काहून पन?"

"मले चाय मांडाले कोनाले हाक मारा लागत नाई, बाई. पाच वर्सं झाली डोये गेले. आता घर माह्या हातालेच दिसते."

"अगं माय! मले तं समजलंच नाई... अन् भितीले रंग कोन्ता देला?"

"मीबी तेच इचारलं. तं तिनं माहा हात भितीवर ठेवला. म्हने, 'आत्याबाई, तुमी पाह्यला होता ना, तोच अस्मानी.'"